रेडिएटर मोठा करण्याआधी

(नाशिकमध्ये गाडीमालक, गॅरेजवाले आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"गाडी हीट मारते, मोठा रेडिएटर टाकून द्या," असं म्हणत गिऱ्हाईक गॅरेजमध्ये शिरतं. मी आधी एकच विचारतो, कुठे गरम होते? द्वारकेच्या सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, समृद्धीवर १२० ने पळताना, की कसाऱ्याचा घाट चढताना? बऱ्याच जणांना हा प्रश्न फालतू वाटतो. पण निम्मं निदान तिथेच होतं.

द्वारकेला तापमानाचा काटा वर जातो आणि गाडी हलली की खाली येतो, तर रेडिएटर बहुधा ठीक आहे. समोरून वारा नसताना हवा ओढायचं काम फॅनचं, आणि ते होत नाहीये. उलट शहरात गाडी शांत आणि समृद्धीवर वेग धरल्यावर काटा चढतो, तर फॅनकडे बघूसुद्धा नका. त्या वेगाला समोरचा वाराच पुरतो. तिथे संशय घ्यायचा तो चोंदलेल्या कोरचा, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीचा, चेपणाऱ्या खालच्या होज पाइपचा, म्हणजे रबरी नळीचा, किंवा आतल्या पात्या झिजलेल्या वॉटर पंपाचा. आणि घाटात? घाट सगळ्यांची एकदम परीक्षा घेतो. वेग कमी, भार जास्त, एसी चालू, मागे चार माणसं आणि डिकीत सामान. रेल्वेलासुद्धा कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, तिथे दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. आपण मात्र चौथा गिअर सोडत नाही आणि इंजिन गुदमरत असताना ॲक्सिलरेटर दाबत बसतो. एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढले की त्याच्यावर फिरणारा पंप जोरात पाणी ढकलतो, आणि फॅन पट्ट्यावरचा असेल तर तोही जास्त हवा ओढतो.

आता ही उष्णता येते किती, त्याचा ढोबळ हिशेब करू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून उडून जातो आणि जवळपास तेवढाच भाग कूलंटच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याच्या, गळ्यात पडतो. म्हणजे घाटात इंजिन ३० किलोवॅट ताकद काढत असेल, तर साधारण तितकीच उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे पंधरा गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता बॉनेटमागच्या एका जाळीतून हवेत द्यायची आहे. सिलिंडरमधल्या जळत्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बनलंय तो ६६० अंशांच्या आतच वितळतो. मधे काय उभं आहे, तर पाणी.

पण इंजिन गार ठेवणं हे आपलं काम नाही, ते ठरलेल्या तापमानाला ठेवणं हे आहे. ९० अंशांच्या आसपास ऑइल नीट वाहतं, पिस्टनच्या फटी बरोबर बसतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन मोजून सोडतो. गाडी जितकी गार तितकी चांगली, ही समजूत मनातून काढून टाका. पुढचे बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

सुरुवात करू सगळ्यात स्वस्त भागापासून. रेडिएटरची कॅप. लोक हिला झाकण समजतात. ती खरं म्हणजे दाबाचा व्हॉल्व आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. इंजिन चालणार ९० ते १०० मध्ये. म्हणजे दाब नसेल तर हातात काहीच अंतर उरत नाही. कॅपवर ०.९ लिहिलं असेल तर ती बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब धरते आणि तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. पाण्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटच्या डब्यातलं मुख्य रसायन, असेल तर सव्वाशेच्या घरात. दोन-चारशे रुपयांची ही वस्तू, आणि ती ढिली झाल्यावर लोक हजारो रुपयांचा रेडिएटर बदलतात.

कॅप गार इंजिनावर काढा आणि उलटी करून बघा. खाली रबराची चकती आहे. तिच्यावर रेडिएटरच्या मानेच्या, म्हणजे तोंडाच्या, कडेची गोल खाच खोल उमटली असेल, रबर कडक होऊन चमकायला लागलं असेल, तर ती गेली. चकतीच्या मध्यभागी एक छोटा पितळी डोळा आहे. तो नखाने ओढला की हलला पाहिजे आणि सोडला की परत बसला पाहिजे. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा याच डोळ्यातून शेजारच्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं. तो चिकटला की सकाळी वरचा होज पाइप आत ओढून चपटा झालेला दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं पाइप खराब आहे. पाइप बिचारा बरा असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जुन्या-नव्या गाड्यांचं सामान एकत्र करणारे यात फसतात. काही गाड्यांमध्ये दाबाची कॅप रेडिएटरवर असते आणि बाटली साधी, बिनदाबाची. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये रेडिएटरला कॅपच नसते, बाटलीच दाबाखाली असते आणि तिचं झाकण म्हणजे कॅप. पहिल्या प्रकारची पातळ बाटली दुसऱ्या प्रकाराच्या जागी लावली तर ती फुगून फुटते. आणि कॅप जास्त दाबाची टाकली म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. जुना हीटर कोर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे सांधे, जुने पाइप, यातलं जे सगळ्यात कच्चं आहे ते तो दाब आधी शोधून काढतं. कंपनीने जो आकडा दिलाय तोच ठेवा.

आता हवेकडे येतो. माझ्या मते गॅरेजमध्ये सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते इथे.

१९०१ साली नीसच्या शर्यतींत गाजलेल्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या, आणि पाणी अवघं ९ लिटर. आधी याच्या दुप्पट पाणी लागायचं. आणि कमी वेगात हवा ओढायला मागे एक छोटा पंखा. सव्वाशे वर्षं होत आली, हिशेब तोच आहे. किती पाणी भरलंय याला फार महत्त्व नाही, किती पत्रा हवेला लागतोय आणि त्यातून हवा खरंच जातेय का, हे बघायचं.

तर हवा जाते का? फॅनभोवतीचं काउल, ज्याला श्राउड म्हणतात, ते काम करताना काढतात आणि परत लावायला विसरतात. कधी पट्टा बदलायला हात जात नाही म्हणून काढलेलं असतं. समजा कोर ६० बाय ४५ सेंटिमीटरचा आणि फॅन ४० सेंटिमीटर व्यासाचा. काउल नसेल तर फॅन फक्त आपल्या समोरच्या वर्तुळातून हवा ओढतो, म्हणजे कोरच्या निम्म्याहूनही कमी भागातून. बाकीचा कोर सिग्नलला नुसता उभा. शिवाय कडेने बॉनेटखालची गरम हवाच फिरून पुन्हा पुढे येते. रेडिएटर आणि बॉडीच्या मधे फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात, त्या याचसाठी. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंगमधून आलेल्या गाडीत त्या हमखास गायब असतात. तसंच बंपरखालचं काळं प्लॅस्टिक. स्पीडब्रेकरला घासतं म्हणून तोडून टाकतात. ते वेगात हवा वर, रेडिएटरकडे वळवतं.

एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, आणि रेडिएटर यांच्या मधली फट कधी टॉर्च लावून बघितली आहे का? पुढून सगळं स्वच्छ दिसतं. मधे धुळीचा, किड्यांचा, कापसासारख्या बियांचा एक जाड थर बसलेला असतो. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या हंगामात पिंपळगाव, लासलगावच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या पिकअप खोलून बघा, कांद्याची सालं निघतात. पाणी इंजिनाकडच्या बाजूने पुढे मारायचं, हलक्या हाताने. प्रेशर वॉशरची नळी जवळ धरली तर फिन्स, म्हणजे कोरच्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या, आडव्या होतात आणि मग तो रेडिएटर खरंच बदलावा लागतो.

इलेक्ट्रिक फॅन नवा बसवला असेल तर ग्रिलसमोर एक कागद धरा. तो आत ओढून जाळीला चिकटला पाहिजे. कागद बाहेर उडाला तर वायरी उलट जोडल्यात. मी हसण्यावारी नेत नाहीये, अशा गाड्या येतात. शहरात फॅन पुढे फुंकतो आणि हायवेवर समोरच्या वाऱ्याशी भांडतो. फॅनला रिले द्या, वेगळा फ्यूज द्या, चांगली जाड वायर द्या. सुरू होताना तो नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, आणि डॅशबोर्डवरच्या लाइटच्या स्विचमधून तो नेला तर स्विच वितळतो. आणि कोरच्या नळ्यांमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधू नका. इंजिनाच्या थरथरीने त्या पट्ट्या नळीला घासत राहतात आणि वर्षभरात तिथूनच थेंब पडायला लागतो.

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल. "वॉल काढून टाक, गाडी गार राहील." हा सल्ला नाशिकच काय, देशभर दिला जातो. आणि त्यामागचं तत्त्वज्ञान असं, की वॉल पाणी अडवतो; नसला तर पाणी धो-धो फिरेल. गंमत म्हणजे याच्या बरोबर उलट तत्त्वज्ञानही तितकंच लोकप्रिय आहे, की पाणी रेडिएटरमधून सावकाश गेलं पाहिजे, नाहीतर त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही. दोन्ही ऐकून मुलं गोंधळतात.

दुसरं आधी निकालात काढू. सावकाश गेलेलं पाणी रेडिएटरच्या खालच्या टोकाला जास्त गार निघतं, हे खरंच आहे. पण तितकाच जास्त वेळ ते इंजिनात रेंगाळून तापलेलं असतं. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे त्याच्या सरासरी तापमानावर आणि बाहेरच्या हवेवर अवलंबून. पाणी जोरात फिरलं की कोर वरपासून खालपर्यंत सारखा गरम राहतो आणि जास्त उष्णता देतो. तेव्हा सावकाश पाण्याचा काही फायदा नाही.

मग वॉल काढावा का? नाही, आणि कारण वेगळं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली आणखी एक छोटी थाळी असते. वरचा दरवाजा रेडिएटरकडे उघडतो तेव्हा ही खालची थाळी बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, भोक बंद करते. वॉल काढला की बायपास कायमचा उघडा. पाण्याला सोपी वाट मिळते, त्यातलं बरंचसं रेडिएटरला न भेटता तसंच गरम परत इंजिनात जातं. म्हणजे गार करायला काढलेल्या वॉलमुळे घाटात गाडी आणखी गरम होते. आणि ज्या इंजिनांत अशी थाळी नाही, तिथे हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापतच नाही. ईसीयू जादा पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

नवा वॉल घेतला तरी बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि दोऱ्याने वॉल असा लोंबता ठेवा की तळाला टेकणार नाही. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास तो हलायला लागतो आणि पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. आत पितळी डबीत मेण आहे, ते फुगून दांडा ढकलतं, बाकी काही जादू नाही. बसवताना त्याच्या कडेची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, भरताना हवा तिथून निघते. आणि फॅनचा स्विच निवडताना एक बघा, फॅन सुरू व्हायचं तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर हवं. ८८ चा वॉल आणि ८५ ला चालू होणारा स्विच लावलात तर फॅन कधी बंदच होणार नाही.

कूलंटबद्दल थोडक्यात. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे कंपन्यांचे रंग आहेत, त्याला काही ठरलेला नियम नाही. डब्यावर आत कोणतं रसायन आहे ते वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली की गंज रोखणारी द्रव्यं लवकर संपतात, काही वेळा गाळ धरतो. निफाडला थंडीत द्राक्षं कुडकुडतात खरी, पण इंजिन गोठवायला ती थंडी पुरत नाही. आपल्याला ग्लायकॉल हवंय ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला. म्हणून निम्मं पुरे. नुसतं कूलंट ओतलं तर उलट बिघडतं, कारण उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. पाणी डिमिनरलाइज्डच घ्या. बोअरचं क्षारांचं पाणी इंजिनाच्या आत पांढरा थर धरतं, आणि तो थर उष्णता बाहेर येऊच देत नाही. हो, आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका.

इथे जुन्या जीपवाले बरेच बसले आहेत, त्यांच्यासाठी निवडीचं सांगतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकत असाल तर ते इंजिन ज्या गाडीतून आलं तिचा रेडिएटर, काउल, फॅन आणि कॅप असा पूर्ण संच आधी मोजून बघा. बसत असेल तर दुसरं काही शोधू नका, कंपनीने ते एकमेकांसाठी तपासलेलं आहे. बसत नसेल तर रुंदी-उंची वाढवा, जाडी नको. चार रांगांच्या कोरमध्ये मागच्या रांगांना पुढच्यांनी तापवलेली हवाच मिळते आणि फॅनला ती ओढणं जड जातं. तांब्या-पितळेचा की ॲल्युमिनियमचा? रोज शहरात फिरणाऱ्या कारला मूळचा ॲल्युमिनियमचाच ठेवा. पण त्र्यंबक, हरसूलकडच्या रस्त्यांवर आपटणाऱ्या जीपला मी तांब्या-पितळेचा देईन. कुठेही डाख मारून गळती बंद करता येते. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तडकली की रस्त्यात तुमचा खेळ संपला.

रेडिएटर चेसिसला थेट बोल्टने आवळू नका, रबरी बुश द्या. चेसिस खड्ड्यात पिळते आणि सांधे उघडतात. खालच्या होज पाइपमध्ये स्प्रिंग असेल तर ती काढू नका. तो पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे, जास्त फेऱ्यांना आत ओढून चपटा होतो. आणि इंजिन बदलताना नेहमी होणारा घोळ म्हणजे थर्मोस्टॅटची मान रेडिएटरपेक्षा उंच जाते. मग हवा कायम इंजिनातच अडकते. अशा वेळी दाबाची बाटली सगळ्यात उंच जागी, शक्यतो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लावा आणि इंजिनाच्या सर्वांत वरच्या टोकापासून तिच्यापर्यंत बारीक पाइप न्या. पाइपला मधे उंटाची पाठ येऊ देऊ नका.

भरताना घाई नको. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, कॅप उघडी. बारीक धारेने ओता. मधून मधून वरचा होज पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. पातळी थांबली की इंजिन सुरू करून फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. उकळी वर यायला लागली तर आधीच कॅप लावून घ्या. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे पाणी तिथपर्यंत पोचलं. काटा वर आणि हीटर गार, तर एअर आहे. तापमान डॅशबोर्डच्या काट्यावर बघू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधे स्थिर ठेवलेला असतो, आणि पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडून काटा खाली येतो, बरं वाटतं. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटचा, छोटा ॲडॉप्टर घ्या, अंश बघा. ओबीडी नसलेल्या जुन्या जीपला आकड्यांचा वेगळा गेज आणि पातळीचा अलार्म बसवा.

मग दुपारी एसी लावून अर्धा तास उभी ठेवा, नंतर हायवे, नंतर घाट. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर बाटलीतली पातळी बघा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, कडेला घ्या. कूलंट आत असेल तर इंजिन थोडा वेळ आयडलला चालू द्या. वाफ निघतेय, पाणी गेलंय, तर लगेच बंद करा. कॅपला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

मागून एक प्रश्न आलाय: "कूलंट कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही." हे चांगलं विचारलंत. आधी वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा, तिथे वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग असेल. पंपाचं सील गेलं की ते तिथून झिरपतं, आणि गरम इंजिनावर लगेच सुकतं. मग डावीकडचं मॅटिंग उचला, हीटर कोर गळत असेल तर ओलं आणि चिकट लागेल. मग दाबाच्या हातपंपाने सिस्टम कॅपच्या आकड्याइतकी भरून पंधरा मिनिटं सोडा. हातपंपाचा काटा उतरला नाही आणि तरी पाणी जातंय, गार इंजिन सुरू करताच होज पाइप दगडासारखा होतोय, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येताहेत, तर रेडिएटरच्या मानेवर ब्लॉक टेस्टर लावा. त्यातला निळा द्राव पिवळा झाला म्हणजे जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, उडाली आहे. मग हेड उतरवा, आणि ते फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्यायच्या आधी स्वतः सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून किती वाकलंय ते मोजून, लिहून ठेवा.